मंजूर, मंजूर! पण सभा कुठं झाली?

कोल्हापूर जिल्ह्यात ज्यानं एकदा तरी दूध संस्थेची नाहीतर साखर कारखान्याची वार्षिक सभा बघितलीय त्याला 'मंजूर, मंजूर' म्हणजे काय ते वेगळं सांगायला लागत नाही. अध्यक्ष विषय क्रमांक एक वाचायला लागतात तोवर पुढच्या रांगेतनं मंजूर, मागनं नामंजूर, मग माइकची ओढाओढ, कुणाची तरी खुर्ची हवेत, आणि अर्ध्या तासात सगळं गुंडाळून राष्ट्रगीत. आपण सगळे ह्याला हसतो, बाहेरगावच्या पाव्हण्यांना रंगवून सांगतो पण. मला मात्र आताशा वाटायला लागलंय की ही सभा लई मोठी गोष्ट आहे, कारण निदान ओरडायला तरी बोलवतात. अहवाल आधी घरपोच येतो, त्यात ताळेबंद असतो, नफा-तोटा असतो, वाचत कोण नाही ते सोडा, पण येतो.

आणि देश बाहेरच्या देशांशी जो व्यापार करार करतो, ज्याच्यावर पुढची वीस-पंचवीस वर्षं आपल्या मालाचा भाव ठरणार, त्याचा अहवाल? तो सही झाल्यावर वेबसाइटवर येतो. इंग्रजीत, शेकडो पानं.

गेल्या चार-पाच वर्षांत तर करारांची रांगच लागलीय. संयुक्त अरब अमिराती २०२२, ऑस्ट्रेलिया २०२२, मग स्वित्झर्लंड-नॉर्वेवाल्या चार देशांच्या एफ्टा गटाशी मार्च २०२४ मध्ये, ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला सही, डिसेंबर २०२५ मध्ये न्यूझीलंडशी बोलणी संपली आणि २७ जानेवारी २०२६ ला युरोपियन युनियनशी संपली. प्रत्येक वेळी टीव्हीवर दोनच प्रश्न. करार चांगला का वाईट, आणि कोण जिंकलं. जणू काय खासबागच्या आखाड्यात दोन पैलवान सोडलेत.

मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. बाजार उघडायचा का बंद ठेवायचा हे भांडण आपल्याकडं तीस वर्षांपूर्वीच होऊन गेलंय आणि कोल्हापूर बरोबर त्याच्या मधोमध होतं. जगाचा व्यापार खुला करायच्या डंकेल प्रस्तावाच्या वेळी, म्हणजे ९२-९३ साली, इकडं शरद जोशी सांगत होते की खुला बाजार येऊ द्या, शेतकऱ्याला परदेशी स्पर्धेनं नाही मारलेलं, सरकारनंच निर्यातबंद्या घालून आणि भाव पाडून मारलंय. आणि कागल ओलांडून कोगनोळी नाक्याच्या पलीकडं, कर्नाटकात, नंजुंडस्वामींचा रयत संघ कारगिल ह्या अमेरिकन कंपनीच्या बंगळूरच्या ऑफिसात घुसून कागद रस्त्यावर फेकत होता. दोघंही शेतकऱ्यांचे नेते, दोघांच्याही मागं हजारो माणसं. मजा अशी की आज मागं वळून बघितलं तर दोघांचंही अर्धं-अर्धं खरं ठरलं. डब्ल्यूटीओ, म्हणजे जागतिक व्यापार संघटना, १९९५ ला आली, शेतकरी त्यानं बुडाला नाही, पण ज्या दिवशी कांदा नाहीतर साखर जरा वर जाते त्या दिवशी निर्यातबंदी आजही येतेच. म्हणजे दार बाहेरच्यासाठी उघडलं आणि आपल्या शेतकऱ्यासाठी आतनं कडी तशीच राहिली.

तर माझा मुद्दा उघड्या-बंद दाराचा नाही. दाराची किल्ली कुणाकडं आहे आणि ती देताना घरात कुणाला विचारलं हा आहे.

हुपरीचं घ्या. हातकणंगले तालुक्यातलं गाव, चांदीच्या पैंजणांसाठी देशभर नाव. घरटी कायतरी काम चालतं, कुणी आटणी करतंय, कुणी कड्या जोडतंय, घुंगरं लावतंय, पॉलिश करतंय, आणि बायका दुपारची भांडी झाली की उंबऱ्यात बसून जोडकाम करतात. आता ह्या उंबऱ्याचा आणि २००९ साली आसियान, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या गटाशी झालेल्या कराराचा काय संबंध? वरवर काहीच नाही. ते थायलंड-मलेशिया, त्यावेळी बोंब मारली ती केरळवाल्यांनी, रबर-मिरी-नारळासाठी, मानवी साखळी केली रस्त्यावर. इकडं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

पण करारात एक बारीक गोष्ट होती. कच्ची चांदी बाहेरनं आणली तर तिच्यावर आयात ड्युटी, जुलै २०२४ च्या बजेटनंतर ती ६ टक्के. आणि तयार दागिना आसियान देशातनं आणला तर कराराप्रमाणं शून्य. म्हणजे कच्च्या मालाला कर आणि पक्क्या मालाला मोकळं रान! हे उलटं गणित ज्याच्याकडं पैसा आहे त्याला एका रात्रीत कळतं. चांदीची वीट कशाला आणायची, तिला कसाबसा दागिन्याचा आकार द्या, थायलंडहून दागिना म्हणून आणा, इथं वितळवा नाहीतर तशीच विका. शेवटी २४ सप्टेंबर २०२५ ला केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयानं खडे नसलेल्या चांदीच्या दागिन्यांच्या आयातीवर निर्बंध घातला, तोही तात्पुरता, ३१ मार्च २०२६ पर्यंत, आणि कारण दिलं ते हेच, कराराचा गैरवापर. २००९ मध्ये दिल्लीत कुणीतरी एका तक्त्यात एक शून्य लिहिलं, आणि २०२५ मध्ये ते शून्य इथल्या कारागिराच्या मजुरीला येऊन भिडलं. ज्या बाईच्या हातातलं जोडकाम त्यानं कमी व्हायचं तिनं आसियान हा शब्द आयुष्यात कधी ऐकलेला नाही, आणि का ऐकावा? पण तो तक्ता सही व्हायच्या आधी हुपरीच्या चार जुन्या कारखानदारांना नुसता दाखवला असता ना, तर त्यांनी चहा संपायच्या आत सांगितलं असतं, साहेब हिथं भोक हाय.

एवढंच म्हणायचंय मला खरं तर. पुढचं सगळं ह्याचाच विस्तार आहे.

आता चप्पल. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा ह्या इटलीच्या बड्या ब्रँडच्या मॉडेलच्या पायात आपली चप्पल दिसली आणि आख्खं कोल्हापूर पेटलं, मी पण स्टेटस ठेवलेलं, खोटं कशाला बोलू. कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. पण जीआय वाचवतं नाव. प्राडानं नाव कुठं घेतलं होतं? त्यांनी नुसतं 'लेदर सँडल' म्हटलं. आकार, वेणी, अंगठा, कान, ह्याला जीआय पुरत नाही. आणि जे नाव आहे तेही भारतात नोंदलेलं. युरोपात वाइन, चीज, हॅम ह्यांच्या नावांना कित्येक वर्षांपासून युनियनचं संरक्षण आहे, पण हातानं बनवलेल्या वस्तूंसाठी तसा कायदा तिथं लागू झाला तो १ डिसेंबर २०२५ ला. म्हणजे त्यांच्या गावची चीज आपल्याशी बोलणी करताना टेबलावर मानाच्या पाव्हण्यासारखी बसलेली असते आणि आपली चप्पल, रीतीप्रमाणं, दाराबाहेर काढून ठेवलेली.

पण दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे, नाहीतर मी पण टीव्हीवाल्यांसारखाच. ब्रिटनमध्ये आपल्या चामडी चपला-बुटांवर १६ टक्क्यांपर्यंत ड्युटी होती, नव्या करारात ती शून्यावर आणायचं ठरलंय. हे चांगलंच आहे. कोल्हापुरातल्या चप्पल कारागिरांच्या सुभाषनगरातनं कुणी लंडनला माल पाठवत असेल तर त्याला ते सोळा टक्के म्हणजे नफ्याचाच भाग. प्राडाचं पण शेवटी मिटलं, टीम येऊन गेली, डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला, २००० जोड इथल्या कारागिरांकडनं बनवायचे, किंमत साधारण ८०० युरो. म्हणजे पाऊण लाखाच्या वर रुपये एका जोडाला. मी स्वतः कापशी चप्पल वापरतो, एक जोड दोन उन्हाळे काढतो, त्यामुळं हा आकडा वाचून पहिल्यांदा पायाकडं बघितलं.

प्रश्न असा की त्या ८०० युरोतलं कातडं कमावणाऱ्याला किती, वेणी घालणाऱ्या बाईला किती आणि मिलानच्या दुकानाच्या भाड्याला किती. ड्युटी शून्य झाली म्हणजे तो वाचलेला पैसा आपोआप सुभाषनगरात येतो हे कुठल्या कलमात लिहिलंय? नाही लिहिलेलं. ज्याच्याकडं ब्रँड आहे, दुकान आहे आणि उद्या माल दुसऱ्या देशातनं घ्यायची ताकद आहे, तो ठरवतो. माल फिरतो, पैसा त्याहून जोरात फिरतो, आणि कारागीर जिथं आहे तिथंच. बरं, ह्यात आपल्याच सरकारचा पण हात आहे, २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर बैलाचं कातडं राज्यात मिळायचं जवळजवळ बंद झालं, म्हशीच्या कातड्यावर आणि बाहेरनं आणलेल्या मालावर धंदा चालतो. बाहेरचा बाजार उघडायचा आणि आतला कच्चा माल बंद करायचा, आणि मग निर्यात वाढत नाही म्हणून सेमिनार घ्यायचे.

शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्या मित्रांना विचारलं तर ते करारांवर खूश आहेत, त्यांचं कास्टिंग युरोपात जातं, त्यांना दार उघडं पाहिजेच. पण त्यांचीही गंमत आहे. एका हातानं युरोप ड्युटी काढणार आणि दुसऱ्या हातानं १ जानेवारी २०२६ पासून लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट असल्या मालावर सीमेवर कार्बनचा हिशेब, म्हणजे माल बनवताना किती प्रदूषण झालं त्याचा हिशेब मागणार, आणि ती यादी पुढच्या तयार मालापर्यंत वाढवायचा प्रस्ताव त्यांच्याकडं आहेच. मोठा ग्रुप असेल तर सल्लागार नेमून हिशेब करतो. दहा-पंधरा कामगारांची फाउंड्री कुठनं करणार, तिथं मालकच दुपारी भट्टीजवळ उभा असतो आणि संध्याकाळी जीएसटी भरतो.

आणि इथं अजून एक गोष्ट, जी 'देशहित' ह्या शब्दाखाली झाकली जाते. देशाचं एक हित नसतं हो. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला सूत स्वस्त पाहिजे, म्हणजे कापूस स्वस्त पाहिजे. यवतमाळच्या शेतकऱ्याला कापूस महाग पाहिजे. दोघंही मराठी, दोघंही कर्जात, दोघांचीही मुलं शिकून पुण्याला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावला त्याच महिन्यात केंद्रानं कापसावरची ११ टक्के आयात ड्युटी माफ केली, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. नेमका विदर्भात कापूस निघायचा हंगाम. निर्णय बरोबर का चूक हे इचलकरंजीत एक सांगतील आणि यवतमाळात दुसरं, आणि दोघंही बरोबर असतील. मग अशा वेळी लोकशाहीत काय करतात? दोघांना एका खोलीत बसवतात, भांडू देतात, एकाचं नुकसान होणार असेल तर त्याला काय देणार ते ठरवतात. इथं काय झालं, एक अधिसूचना निघाली.

दुधाचं सगळ्यांना माहीत आहे म्हणून थोडक्यात. ४ नोव्हेंबर २०१९ ला भारत आरसेप ह्या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारातनं बाहेर पडला त्यात न्यूझीलंडच्या दुधाची भीती हे मोठं कारण होतं, आणि तो निर्णय माझ्या मते बरोबर होता. तो का झाला? कारण दुधाला संघटना आहे. आणंदपासून कोल्हापूरपर्यंत रोज सकाळी सहाला कॅन घेऊन रांगेत उभी राहणारी कोट्यवधी मतं आहेत. हुपरीच्या जोडकामाला ती नाहीत, काजूच्या फॅक्टरीत टरफल सोलणाऱ्या आजरा-चंदगडच्या बायकांना नाहीत. म्हणजे करारात कोण वाचतं, तर ज्याचा गरजू आवाज आहे तो नाही, ज्याचा मोठा आवाज आहे तो. शिवाय दूधवाल्यांनीही फार निवांत राहू नये. जुलै २०१८ चं दूध आंदोलन आठवा, रस्त्यावर दूध, टँकर अडवले, लिटरमागं पाच रुपये मागितले राजू शेट्टींनी. त्यावेळी दार बंदच होतं की. तरी जगात पावडरचा भाव पडला आणि इथल्या गोठ्यातला हिशेब कोलमडला. दार बंद ठेवलं म्हणून वारं थांबत नाही.

आता ज्यांचा आवाज सगळ्यात मोठा त्यांच्याकडं येऊ, म्हणजे भांडवल. त्यांना करारात नुसता बाजार नाही मिळत, कोर्ट पण मिळतं, वेगळं, स्वतःचं. एक खरी केस सांगतो. व्हाइट इंडस्ट्रीज नावाची ऑस्ट्रेलियन कंपनी, कोल इंडियाशी तिचं भांडण. २००२ मध्ये लवादाचा निकाल कंपनीच्या बाजूनं लागला, मग तो आपल्या कोर्टांत अडकला, वर्षानुवर्षं अडकला. तर कंपनी गुंतवणूक संरक्षण कराराखाली आंतरराष्ट्रीय लवादाकडं गेली आणि २०११ मध्ये भारत सरकार हरलं. का हरलं? तर तुमच्या कोर्टात फार उशीर झाला म्हणून. आणि ज्या कलमावर हरलं ते त्या ऑस्ट्रेलियाच्या करारात नव्हतंच, ते कुवेतशी केलेल्या करारातलं, दुसऱ्याला जी चांगली अट दिली ती आम्हालाही द्या ह्या नियमानं उसनं आणलेलं!

आता मला सांगा, कोर्टात उशीर झाला म्हणून सरकारकडनं नुकसानभरपाई मिळालेला तुमच्या ओळखीतला एक तरी माणूस दाखवा. आमच्याकडं हायकोर्टाचं सर्किट बेंच मिळायला वकिलांनी चाळीसच्या वर वर्षं घातली, ते १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं. बांधावरनं चाललेला दावा आज्यानं टाकला नि नातू चालवतोय अशी घरं गावोगाव आहेत. त्यांना कुठला लवाद?

त्या निकालानंतर, आणि मग व्होडाफोन-केर्न ह्या परदेशी कंपन्यांकडच्या करवसुलीच्या केसेस आल्यावर, सरकारनं जुने बरेच गुंतवणूक करार रद्द केले, नवा नमुना आणला, की आधी पाच वर्षं भारतातल्या कोर्टात प्रयत्न करा मगच बाहेर जा. शहाणपणाचं होतं ते. पण २०२४ मध्ये अमिरातीशी नवा गुंतवणूक करार झाला त्यात पाचाची तीन झाली. कुणी ठरवलं, कुठं चर्चा झाली? तुमच्या-माझ्या वाचनात तरी आली का?

हे सगळं बेकायदेशीर आहे का, तर नाही, तीच तर अडचण आहे. घटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्राच्या सूचीत नोंद क्रमांक १४ आहे, परदेशांशी तह आणि करार करणं. आणि राज्याच्या सूचीत नोंद क्रमांक १४ काय आहे माहितीय? शेती. योगायोगच आहे, पण काय योगायोग बघा. शेती राज्याची, पण शेतीवर परिणाम करणारा करार केंद्राचा, आणि कलम २५३ प्रमाणं तो अंमलात आणायला संसद राज्याच्या विषयावरही कायदा करू शकते. बरं, कराराला संसदेची मंजुरी घ्यायची सक्ती घटनेत नाही. कॅबिनेटनं होय म्हटलं की झालं. ड्युटी कमी करायला कस्टम्स कायद्याच्या कलम २५ खाली अधिसूचना काढली की काम भागतं. आपल्या गावच्या सोसायटीला पोटनियम बदलायचा तर सभा लागते.

ह्यावर दिल्लीचं नेहमीचं उत्तर, वाटाघाटीत आपले पत्ते कुणी उघडे करत नाही. पटण्यासारखं वाटतं, पण समोरचे काय करतात ते बघा. युरोपियन कमिशननं भारताशी बोलणी चालू असतानाच आपले मसुदा-प्रस्ताव वेबसाइटवर टाकले होते, आणि करार पक्का व्हायला त्यांच्या संसदेची संमती लागते. ब्रिटनमध्ये करार २१ बैठकांचे दिवस संसदेपुढं ठेवावा लागतो. म्हणजे कागलमध्ये बसून मला युरोप आपल्याकडं काय मागतंय ते वाचता येत होतं, आपलं सरकार काय मागतंय ते नाही! पत्ते झाकले होते ते नेमके कुणापासनं?

आणि मागणी काय अवघड आहे असंही नाही. प्रत्येक आकडा आधी सांगा असं कोण म्हणत नाही. बोलणी सुरू करताना कुठले धंदे टेबलावर आहेत ते सांगा, सही आधी मसुदा संसदीय समितीकडं जाऊ द्या, शेतीचा भाग असेल तर विधानसभेत दोन दिवस चर्चा, करार मराठीत, आणि पाच वर्षांनी कुणाचं काय झालं ह्याचा जिल्हावार हिशेब. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळासाठी शाहूपुरी वसवली आणि १९०६ मध्ये शाहू मिलचा पाया घातला, ते काय जग बंद करून नाही. व्यापार वाढवायलाच. पण आधी पेठ बांधली, उद्योगाला हात दिला, पाण्याची सोय करायला घेतली. संस्थानिक असून त्यांना जे सुचलं ते निवडून आलेल्यांना सुचायला काय हरकत आहे. आमचे खासदार, कुठल्या का पक्षाचे असेनात, करारावर सही झाली की अभिनंदनाचा बोर्ड लावतात, दसरा चौकात जागा कमी पडते एवढे.

शेवटी आमच्या गावच्या दूध संस्थेच्या सभेचं सांगतो. २०२५ च्या ऑगस्टमधली गोष्ट, अमेरिकेच्या टॅरिफचा धुरळा चालू होता, तिकडनं दुधाचं दार उघडा म्हणून दबाव आहे असं पेपरात रोज येत होतं. सत्तरीतले एक काका, दोन म्हशी आहेत त्यांच्या, मागं उभे राहिले आणि म्हणाले, "अध्यक्षसाहेब, त्ये अमेरिकेचं दूध येणार म्हणत्यात, त्यात आपलं काय ठरलंय?"

अध्यक्ष जरा थांबले, चष्मा वर केला, अहवाल उलटा-पालटा करून बघितला आणि म्हणाले, "काका, त्यो विषय आपल्या पत्रिकेवर न्हाई."

काका उभेच. तेवढ्यात पुढच्या रांगेतनं कुणीतरी, सवयीनं, ओरडलं, "मंजूर!"